गावचे पत्र आणि गावचा वाचक

या विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून वर्षभरासाठी येताना मी जे विषय मनाशी ठरवून आणले होते, त्यांत वृत्तपत्राचा विषय नव्हता. भारतीय भाषांतील कादंबरीचा तौलनिक अभ्यास हे माझे क्षेत्र. वृत्तपत्र ही वस्तू माझ्या लेखी संदर्भापुरती होती. असे असता या वर्षात मी सर्वांत अधिक विचार केला तो दोन वृत्तपत्रांचा. त्यांतील एक काशीचे, हिंदी जगतात सर्वश्रुत असे. दुसरे कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावचे, ज्याचे नाव आज त्या तालुक्यातही फारसे कोणी सांगू शकणार नाही. या दोहोंची तुलना करणे कुणाला अप्रशस्त वाटेल. मलाही आरंभी तसेच वाटले होते.

प्रसंग साधाच होता. येथे येऊन महिना झाला असेल नसेल, तोच दादाचा फोन आला. घराचे छप्पर उतरवायचे होते. माळ्यावर अण्णांच्या साप्ताहिकाच्या बांधीव फायली सापडल्या होत्या. काहींना वाळवी लागलेली, काही पावसाने भिजून एकजीव झालेल्या. "रद्दीवाला न्यायला तयार आहे. तू या विषयातला, ठेवायच्या असतील तर सांग," दादा म्हणाला. मी "आलो की पाहू," असे उत्तर दिले. ते उत्तर टाळाटाळीचे होते, हे त्यालाही कळले असावे.

अण्णांनी ते साप्ताहिक १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी सुरू केले आणि १९९८ पर्यंत चालवले. चार पानांचा अंक, गुरुवारच्या बाजाराला निघणारा. घराच्या पुढच्या सोप्यात पायाने चालवायचे ट्रेडल यंत्र, भिंतीशी खिळ्यांच्या केसेस, एक कंपोझिटर आणि अण्णा. संपादक, वार्ताहर, मुद्रितशोधक आणि वर्गणी वसूल करणारा गृहस्थ हे सारे एकच. अंकात असायचे काय? गुळाचे व हळदीचे भाव, पंचायत समितीच्या सभेचा वृत्तांत, जाहीर नोटिसा, शाळेचा निकाल, कुणाचे निधन, कुणाचा सत्कार, आणि पहिल्या पानावर डाव्या हाताला अण्णांचा अग्रलेख. खिळे जुळवण्याचा तो टकटक आवाज व शाईचा वास यांवाचून माझे बालपण आठवत नाही. तथापि त्या अंकांपैकी एकही मी शेवटपर्यंत वाचलेला नाही, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याहून अधिक कबूल करण्याजोगे आहे ते निराळेच. महाविद्यालयात असताना आणीबाणीविषयी काही वाचून मी मोठ्या आवेशाने घरी आलो होतो. जून १९७५ मध्ये काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडून निषेध केला, हे मला नुकतेच कळले होते. जेवताना मी अण्णांना विचारले, "तुम्ही तेव्हा काय छापलेत?" अण्णा घास घेता घेता म्हणाले, "गुळाचे भाव." मी हसलो. त्या हसण्यात काय होते ते त्यांना समजले असणारच. पण त्यांनी पुढे काही सांगितले नाही व मीही विचारले नाही. त्यानंतर दहाएक वर्षांनी अण्णा गेले. हा प्रश्नोत्तरांचा तुकडा मात्र माझ्याजवळ राहिला.

काशीतील मराठी वस्तीविषयी येथे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या मराठी घराणी नांदत आली. एकनाथांनी आपले भागवत १५७३ साली पूर्ण केले ते याच नगरीत. एका संध्याकाळी दुर्गाघाटाजवळच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांच्या घरी जाण्याचा योग आला. त्यांचे मराठी जुन्या वळणाचे, मधूनमधून हिंदी क्रियापदे घेणारे. मी वृत्तपत्रांचा विषय काढला नव्हता. पण 'तुमच्याकडे घरात कोणती भाषा?' या माझ्या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले त्याने विषय आपोआप निघाला. ते म्हणाले, "अहो प्रोफेसरसाहेब, आमच्याकडे बोलणे मराठी, पूजा संस्कृत, आणि सकाळी हातात 'आज'. तुमच्याकडे जसा 'केसरी', तसा आमच्याकडे 'आज'. आणि तो लिहीत कोण होते? आपले पराडकरच!"

बाबूराव विष्णु पराडकर हे नाव मी ऐकलेले होते. त्यापलीकडे माझे ज्ञान नव्हते. दुसऱ्या दिवसापासून सयाजीराव गायकवाड ग्रंथालयात बसून मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचू लागलो. तेव्हा प्रथम ध्यानात आले ते हे की, या नगरीच्या वृत्तपत्रांच्या इतिहासात मराठी माणूस अगदी आरंभापासून उभा आहे. येथील 'बनारस अखबार' १८४५ साली निघाले. आश्रय राजा शिवप्रसाद 'सितारेहिंद' यांचा आणि संपादक गोविंद रघुनाथ थत्ते. मराठीतील 'दर्पण' निघून तेव्हा अवघी तेरा वर्षे झाली होती. 'बनारस अखबार'ची लिपी नागरी, पण शब्दसंपत्ती बव्हंशी फारसी. ज्यांना नागरी वाचता येई त्यांतील अनेकांना ती भाषा परकी वाटे. ज्यांना ती भाषा सवयीची त्यांची लिपी निराळी. पत्र कुणासाठी आहे हा प्रश्न जणू त्या अंकांतच छापलेला होता. पुढे भारतेंदु हरिश्चंद्रांनी 'कविवचनसुधा' काढली. तिची सूत्रेही यथावकाश चिंतामणी धडफळे या मराठी गृहस्थांकडे गेली. काशीतच जन्मलेल्या लक्ष्मण नारायण गर्द्यांनी कलकत्त्याला 'भारतमित्र'चे संपादन केले. ही नामावळी अभिमानाने मिरवावी असा माझा हेतू नाही. ज्यांच्या घरात एक भाषा बोलली जात होती त्यांनी दुसऱ्या भाषेच्या वाचकाशी जन्मभर व्यवहार केला, तो कशाच्या बळावर, हा माझा प्रश्न आहे.

पराडकरांचा जन्म १८८३ चा, काशीतला. त्यांचे मामा सखाराम गणेश देऊस्कर. देवघरच्या बाजूस स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील हे गृहस्थ बंगालीत लिहीत. त्यांच्या 'देशेर कथा' या १९०४ सालच्या पुस्तकाने स्वदेशीच्या काळात बंगाल हलवला आणि १९१० साली सरकारने ते जप्त केले. या पुस्तकाचा हिंदी अनुवाद केला तो भाच्याने. मामा बंगालीचा, भाचा हिंदीचा, आणि दोघांच्या घरी मराठी! तौलनिक साहित्याच्या वर्गात मी अशी उदाहरणे युरोपातून शोधून आणीत असे. १९०६ साली पराडकर कलकत्त्यास जाऊन 'हिंदी बंगवासी'त रुजू झाले. पुढे 'हितवार्ता', 'भारतमित्र' अशी पत्रे त्यांनी सांभाळली. क्रांतिकारकांशी संबंधाच्या संशयावरून १९१६ साली त्यांना अटक झाली आणि सुमारे साडेतीन वर्षे स्थानबद्धतेत गेली. सुटून ते काशीस परतले, तेव्हा शिवप्रसाद गुप्त एका दैनिकाची जुळवाजुळव करीत होते. हे शिवप्रसाद अर्थात 'सितारेहिंद' नव्हेत. काशी विद्यापीठ आणि भारतमाता मंदिर ज्यांच्या दातृत्वातून उभे राहिले ते हे.

जन्माष्टमीच्या दिवशी, ५ सप्टेंबर १९२० रोजी, 'आज'चा पहिला अंक निघाला. लोकमान्यांचे निधन होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. आरंभी संपादक म्हणून नाव होते श्रीप्रकाश यांचे व संयुक्त संपादक पराडकर. पुढे काही वर्षांतच संपादकपद पराडकरांकडे आले. हेच श्रीप्रकाश १९६० साली महाराष्ट्र राज्याचे पहिले राज्यपाल झाले, याची आठवण आपल्याकडे कितीजणांना असेल? काशीच्या पत्राचा मराठी संपादक आणि महाराष्ट्राचा काशीकर राज्यपाल, अशी ही देवघेव आहे.

त्या वेळी काशीची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास होती. कलकत्त्याच्या, मुंबईच्या मानाने हे मुफसल गावच. इंग्रजी पत्रे बाहेरून येत, तारा इंग्रजीत येत, आणि त्यांचे रात्रीतून हिंदी करून सकाळी गल्लीगल्लीत पोचवायचे असे. या रोजच्या निकडीतून पराडकरांचे भाषाकार्य घडले. नावापूर्वी 'मिस्टर'च्या जागी 'श्री', अनेकांसाठी एकत्र 'सर्वश्री', तसेच 'राष्ट्रपति', 'मुद्रास्फीति' हे शब्द हिंदी वृत्तपत्रांत रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आपल्याकडे 'महापौर', 'दिनांक' हे शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीतून आले, त्यामागे एक घोषित चळवळ होती. पराडकरांच्या शब्दांमागे रात्रीची तार आणि सकाळचा वाचक होता. त्यांतले काही शब्द इतके रुळले की आता ते कुणी घडवले हा प्रश्नही कुणाला पडत नाही. 'राष्ट्रपती' तर आपणही बोलतो. 'मुद्रास्फीति' मात्र आपण घेतला नाही. आपण 'चलनवाढ' म्हणतो, कारण आपल्या बाजारात 'चलन' हा शब्द आधीच फिरत होता. शब्द घडवणारा एक असतो. तो चालवणारा वाचकच.

हे सारे वाचीत असता १९३० पाशी येऊन मी थांबलो. सविनय कायदेभंगाचे ते वर्ष. वृत्तपत्रांवर वटहुकूम आले, जामिनांची मागणी झाली, 'आज'ला काही काळ प्रकाशन स्थगित करावे लागले. त्या दिवसांत 'रणभेरी' नावाचे पत्रक सायक्लोस्टाइलवर काढून गुप्तपणे वाटले जाई आणि त्यामागे पराडकरांची लेखणी असे. त्याच वर्षी एकदा 'आज'च्या अग्रलेखाची जागा त्यांनी कोरी सोडली. तेथे एकच वाक्य होते. त्याचा आशय असा की, देशाचे दारिद्र्य, डोक्यावर पडणाऱ्या लाठ्या आणि भरत चाललेले तुरुंग पाहून प्रत्येक देशभक्ताच्या अंतःकरणात जे अहिंसेला धरून विचार उठतील, तेच आमचे संपादकीय विचार समजावेत.

हे वाचून मला आनंद व्हावयास हवा होता. झाले उलटेच. मला ते जेवणाचे ताट आठवले आणि 'गुळाचे भाव' हे दोन शब्द आठवले. एका माणसाने परक्या सत्तेपुढे कोरी जागा सोडली. दुसऱ्याने स्वकीय सत्तेपुढे ती गुळाच्या भावाने भरून काढली. अशी मांडणी करणे सोपे होते आणि ती करताना मला आपल्या निःपक्षपातीपणाचे किंचित समाधानही वाटले, हे लपवीत नाही. पराडकरांनी १९२५ साली वृंदावनच्या संपादक संमेलनात अध्यक्षपदावरून एक इशारा दिला होता: पुढे वृत्तपत्रे धनसंपन्न होतील, सजतील, त्यांचा आकार वाढेल, पण त्यांतील प्राण उणावेल आणि संपादकाचे स्वातंत्र्य राहणार नाही. अण्णांचे पत्र धनसंपन्नही झाले नाही आणि, माझ्या समजुतीप्रमाणे, प्राणवानही नव्हते. मग ते रद्दीत गेले तर काय बिघडले?

तरीही दादाला 'देऊन टाक' असे सांगणे जिवावर आले. मी त्याला एवढेच म्हटले की, १९७५ च्या फाइलमधील जुलै-ऑगस्टची पाने शाबूत असतील तर त्यांची छायाचित्रे पाठव. दोन दिवसांनी ती आली. मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठी करीत मी ती वाचली. अग्रलेख होते, वृक्षारोपणावर एक, एस.टी. स्थानकाच्या दुरवस्थेवर एक. गुळाचे भाव होतेच. ऑगस्टच्या एका अंकात तिसऱ्या पानावर गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वार्षिक सभेचा वृत्तांत होता. जमाखर्च मंजूर झाला, नवीन कपाट घेण्याचे ठरले, आभार मानले गेले. आणि शेवटी, पुढील सभासद सभेस उपस्थित राहू शकले नाहीत, असे म्हणून नऊ नावे, प्रत्येक नाव स्वतंत्र ओळीत, ठळक खिळ्यांत छापलेले.

संपादनाच्या दृष्टीने हा दोषच वाटला. सभेच्या वृत्तांतात उपस्थितांची नावे देतात, अनुपस्थितांची कोण देतो? शिवाय चार पानांच्या अंकात नऊ ओळींची चैन! मी गंमत म्हणून दादाला ती चूक दाखवली. त्याने ती नावे आईला वाचून दाखवली. आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिने शेवटचे नाव होईपर्यंत ऐकून घेतले आणि म्हणाली, "ही सगळी तेव्हा येरवड्याला होती." त्यांत सेवादलाचे होते, संघाचे होते, कोणत्याच पक्षाचे नसलेले एक शिक्षक होते. कुणाला अटक झाली हे छापण्यास मनाई होती. वाचनालयाच्या सभेस कोण आले नाही हे छापण्यास मनाई असण्याचे कारण नव्हते. आईने आणखी एक वाक्य सांगितले: "त्या आठवड्याला अंक कमी पडले होते."

मी तो पडदा बराच वेळ पाहत राहिलो. अण्णांनी हे जाणूनबुजून केले की सभेच्या चिटणिसाने दिलेला कागद जसाच्या तसा जुळवला, हे सांगायला आता कुणी नाही. पण ठळक खिळे आपोआप जुळत नाहीत. आणि अंक कमी पडले, म्हणजे गावाने तो मजकूर बरोबर वाचला होता. मला तो वाचता आला नाही. चार भाषांतील ग्रंथ ओळींमधल्या जागांसकट वाचायला शिकलेल्या मला, स्वतःच्या घरी छापलेल्या नऊ ओळी वाचता आल्या नाहीत.

तेव्हापासून मला वाटू लागले आहे की, गावचे पत्र हे नेहमीच अर्धे छापलेले असते. उरलेला अर्धा मजकूर वाचकाजवळ असतो. मोठ्या शहराचे पत्र अनोळखी माणसासाठी लिहिलेले असते. म्हणून त्याला सर्व सांगावे लागते. गावच्या पत्राचा वाचक सर्व जाणूनच अंक हाती घेतो. छापलेले नाव कुणाचे, ते तेथे का आले, कालपर्यंत का नव्हते, हे तो मनातल्या मनात भरून घेतो. पराडकरांनी १९३० साली कोरी जागा सोडली ती याच भरवशावर. दहा वर्षे रोज सकाळी ज्याच्याशी व्यवहार केला त्या वाचकाला ती भरता येईल, हे त्यांना ठाऊक होते. भाषा जन्माने घरची नसली तरी वाचक घरचा झालेला होता. माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला येथे सापडते. उलट 'बनारस अखबार'ला राजाश्रय होता, संपादक होता, पण आपला वाचक नक्की कोण याचा निर्णय झालेला नव्हता. पेंड्र्यासारख्या आडगावाहून माधवराव सप्र्यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. वाचक होता, पण पत्राचा खर्च भागेल एवढा नव्हता. भरवसा आणि वर्गणी या दोन्ही गोष्टी वाचकाकडूनच यायच्या असतात, आणि दुसरीवाचून पहिली फार दिवस टिकत नाही. अण्णांचे पत्रही शेवटी वर्गणीअभावीच थांबले.

या तुलनेने मी दोघांना एका पायरीवर बसवीत आहे असे कुणी समजू नये. पराडकरांनी तुरुंगवास सोसला, एका भाषेला शब्द दिले. १२ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा हिंदी पत्रसृष्टीचा एक अध्याय संपला. मैदागिनच्या बाजूस त्यांच्या नावाचे स्मृतिभवन आहे आणि पत्रकार तेथे जमतात. 'आज'ला २०२० साली शंभर वर्षे पूर्ण झाली. अण्णांनी तुरुंग पाहिला नाही. त्यांनी केवळ तुरुंगात असलेल्यांची नावे वाचनालयाच्या सभेत आणून बसवली. तेवढेच त्यांचे धैर्य होते, आणि ते तेवढेच होते हे जाणून असल्यामुळेच बहुधा माझ्या प्रश्नाला त्यांनी 'गुळाचे भाव' हे उत्तर दिले. खोटे त्यांनी काहीच सांगितले नव्हते.

मात्र एका बाबतीत दोन्ही पत्रांचे भवितव्य भिन्न आहे आणि मला काळजी त्याची आहे. 'आज'चा वाचक संख्येने मोठा होता. त्याच्या स्मरणातून, संशोधकांच्या ग्रंथांतून त्या कोऱ्या जागेचा अर्थ पुढच्यांपर्यंत पोचला. अण्णांच्या पत्राचा वाचक बाराशे-पंधराशे घरांचा. तो वाचक आता संपत आला आहे. फायली वाळवीपासून वाचवल्या तरी, त्यांतल्या नऊ नावांचा अर्थ सांगणारी आई आणि तिच्या वयाची चारदोन माणसे गेली की, उरेल ती चारच पाने. कागद टिकूनही पत्र नाहीसे होईल.

म्हणून मी दादाला कळवले की, रद्दीवाल्याला येऊ देऊ नकोस. फायली उन्हात घालून कोरड्या कर. मे महिन्यात मी येईन. आईला शेजारी बसवून एकेक अंक वाचायचा आणि ती सांगेल ते समोरच्या कागदावर लिहून घ्यायचे: हा कोण, ही विहीर कुणाची, ही नोटीस या आठवड्यालाच का. ग्रंथसंपादनात याला टीपा म्हणतात. माझ्या मते तो त्या पत्राचा उरलेला अर्धा मजकूर आहे. सव्वीस वर्षांचे अंक आहेत. एका सुट्टीत हे काम पुरे होणार नाही. दादा म्हणाला, "आईची तब्येत बघता तू मे महिन्याची वाट पाहू नकोस. मी रोज संध्याकाळी थोडे थोडे वाचून दाखवतो आणि फोनवर रेकॉर्ड करतो." माझ्या या थोरल्या भावाने मराठी घेऊन पदवी घेतलेली नाही; तो गावात शेतीच्या औषधांचे दुकान चालवतो.

परवा त्याने पहिले ध्वनिमुद्रण पाठवले. १९७२ चा पहिला अंक. दादा ओळ वाचतो, आई मध्येच त्याला थांबवते, नाव दुरुस्त करते, "अरे, तो नव्हे, त्याचा चुलता," म्हणते. दुष्काळी कामावरच्या मजुरांची हजेरी छापली आहे. आई त्यांतल्या प्रत्येकाचे घर सांगते. विद्यापीठाच्या अतिथिगृहात बसून मी ते ऐकतो आहे व लिहून घेतो आहे. गुळाचा भाव आला की दादा तो वगळून पुढे जाऊ पाहतो. मी त्याला कळवले आहे की, तोही वाच.